मधली कॅप आधी

गाडी दुरुस्तीला दिली होती, म्हणून गॅरेजात बसले होते. समोरचा मेकॅनिक इंजिनात क्रँकशाफ्ट बसवत होता. त्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी कॅप बसवताना आधी मधली, मग बाजूच्या. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हातानं फिरवून बघायचा. पाहता पाहता मला आमचं गॅरेज आठवलं.

यजमानांचा उजवा हात आजारपणात गेला, त्यानंतर आलेली ती पहिलीच जीप. ते काम परत पाठवायला निघाले होते. मी पदर खोचला. "तुम्ही सांगा, मी आवळते."

ते कॅपवरचे नंबर वाचत, मी बेअरिंगला तेल लावून कॅप बसवी, बोल्ट थोडे थोडे आवळी. ते डाव्या हातानं क्रँक फिरवून बघत. तिसऱ्या कॅपला तो अडला.

"उलटी बसलीय," ते शांतपणे म्हणाले. "काढ. अजून काही बिघडलेलं नाही."

कॅप फिरवून बसवली आणि क्रँक अलगद फिरला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या कामाला माझा हात पहिल्यांदाच लागला होता.

आता ते नाहीत, गॅरेजही नाही. पण त्या दिवशी जीपचा मालक गाडी न्यायला आला तेव्हा मी मागे उभी होते, आणि त्यांनी मला पुढे बोलावून त्याला सांगितलं, "इंजिन हिनं बांधलंय."