तिगावचे काकाजी

आमच्या घरात एक नियम आहे. मोठ्यांचं नाव खाली येत नाही. काहून येत नाही, असं विचारायचं नाही. मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, तर उत्तराऐवजी मोठ्या आईनं, म्हणजे थोरल्या काकूनं, गव्हाचं सूप माझ्यापुढे सरकवलं आणि खडे निवडायला बसवलं.

तर घ्या चहा, आणि या नियमापायी माझं काय झालं ते ऐका. खुशाल हसा. पण आधी आमच्या मोठ्या बाबांवर हसा. माझ्यावर हसायची पाळी शेवटी येणारच आहे, तिथवर दम धरा.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. सौंसरहून बोरगावकडे जाताना रस्त्याला लागून आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. तिथं खुंटावर कलमाचे डोळे बांधतात माझे बाबा, पाणी बघतात बाबा, उन्हात उभं राहून गिऱ्हाइकाला कलम दाखवतात तेही बाबा. मोठे बाबा खुर्चीत बसतात. खुर्चीत बसणं हेसुद्धा काम आहे असं त्यांचं ठाम मत आहे, आणि ते काम ते एकही सुट्टी न घेता करतात.

मी बी.एस्सी. होऊन घरी आले आणि म्हटलं, नर्सरीचा धंदा आता मी बघते. घरच्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी म्हटलं होतं, नर्सरी पेटवते. शेवटी बाबांनी कसाबसा तोडगा काढला. एक वेबसाइट काढायची, गिऱ्हाईक मी आणायचं. कलमं खपली तर नर्सरी माझ्याकडे. नाही खपली तर मी छिंदवाड्याला मावशीकडे राहून बी.एड. करायचं आणि नर्सरी संजूदादाकडे. संजूदादा म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा. त्याच्या हातात कलम दिलं तर तो त्यानं पाठ खाजवेल, इतकी त्याला शेतीची ओढ.

मी साइट बनवायला बसले आणि नियम आडवा आला.

आमच्या लग्नपत्रिका पाहिल्यात तुम्ही? वर कुलदैवत, मग आशीर्वाद, मग निमंत्रक, मग विनीत, मग स्वागतोत्सुक. नवरा-नवरी कुठं आहेत ते शोधायला चष्मा लागतो. एका पत्रिकेत मधल्या काकांचं नाव चुकून एक ओळ खाली आलं, तर ते लग्नात जेवले नाहीत. आले, सगळ्यांना दिसतील असे बसले, आणि जेवले नाहीत.

वेबसाइट म्हणजेही पत्रिकाच, असं घरानं ठरवलं. तिच्या माथ्यावर खंडोबा. त्याखाली आजोबांचा फोटो, हारासकट, आणि हाराशेजारी एक दिवा, जो मोबाईलवर खरोखर लुकलुकायचा. मग फेटा बांधलेले मोठे बाबा. मग मधले काका, मोठ्या बाबांपेक्षा जरासे लहान आणि बाबांपेक्षा जरासे मोठे, तसं मोजून मापून. मग आत्याचे यजमान, ज्यांचा संत्र्याशी संबंध सोलण्यापुरता. एवढं सगळं उतरून खाली गेलं की तळाशी एक ओळ: आमच्याकडे संत्र्याची उत्तम कलमे मिळतील.

हे कोण वाचणार होतं? मला कळत होतं हो. पण मी शिकलेली. शिकलेल्या माणसाला शहाणपण सुचलं नाही तर चलाखी सुचते.

मी त्या ओळीखाली पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात सगळी गावं लिहून काढली. संत्रा कलम पांढुर्णा, संत्रा कलम सौंसर, संत्रा कलम तिगाव, संत्रा कलम बोरगाव, पुन्हा पांढुर्णा, पुन्हा सौंसर. माणसाला दिसणार नाही, पण नेटवर शोधून देणारं यंत्र वाचणार आणि म्हणणार, वा, इथं तर संत्र्याचीच चर्चा सुरू आहे!

आणि खरंच चाललं. पहिल्या हंगामात फोन आले, कलमं खपली. मोठ्या बाबांनी सगळीकडे सांगितलं की त्यांच्या फेट्याचा गुण. मी मनात म्हटलं, म्हणा.

यंदा मात्र फोन मुका झाला. कलमं वाफ्यात वाढत चाललेली. कलमाचं असं आहे, वेळेत गेलं तर सोनं, जास्त दिवस पिशवीत राहिलं की मूळ वेटोळं घालतं आणि मग ते कोणाच्या कामाचं नाही. बाबा रोज संध्याकाळी वाफ्यांकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. मावशीनं तर छिंदवाड्याला माझ्यासाठी खोली झाडून ठेवली होती.

मी वाचलं होतं बरं का, की यंत्राचे नियम बदलले. आता म्हणे ते शब्द मोजत बसत नाही. शोधणाऱ्याला जे विचारायचं आहे त्याचं खरं, कामाचं उत्तर पानावर आहे का, ते बघतं, आणि भरताड पानांना मागच्या बाकावर बसवतं. मी म्हटलं, हे इतरांसाठी असेल. आपण तर पहिले आहोत!

कारण आमच्या घरात रोज सकाळी देवपूजा झाली की मोठे बाबा मोबाईलवर आमच्या नर्सरीचं पूर्ण नाव टाकून शोधायचे. आम्ही पहिले. मग मधले काका शोधायचे. पहिले. मीही शोधायचे. पहिले. आता स्वतःचं नाव टाकून स्वतःला शोधलं तर दुसरं कोण सापडणार? आपल्याच ओट्यावर उभं राहून आपलं घर सापडलं म्हणून पेढे वाटायचे, तसलाच प्रकार. पण घरातल्या एकालाही, आणि बी.एस्सी. धरून एकालाही, हे सुचलं नाही.

आता दुसरी गोष्ट. तिगावला एक नर्सरी आहे, आमची जुनी टक्कर. त्यांच्या पानावर मी नजर ठेवून असायची. एक दिवस तिथं वाचलं, कलम लावताना डोळा मातीत गाडावा. अहो, डोळा म्हणजे जिथं कलम बांधतात तो सांधा. तो मातीत गेला की डिंक्या रोग आलाच, झाड गेलंच. माझं डोकं फिरलं. खाली शेतकऱ्यांना लिहायला जागा होती. मी तिथं लिहिलं: हे लिहिणाऱ्यानं झाड पाहिलं आहे की नुसतं संत्रं? डोळा जमिनीपासून वीतभर वर ठेवा, खोडाला पाणी लागू देऊ नका, पावसाच्या आधी मोरचूद-चुन्याचा लेप लावा. माझं नाव टाकलं तर मुलीचं कोण ऐकतं, म्हणून खाली लिहिलं, एक अनुभवी शेतकरी.

झालं. लोक विचारायला लागले. काकाजी, फळगळ होऊन राहिली, काय करू? काकाजी, पानं पिवळी पडून राहिली. आणि काकाजी उत्तरं द्यायला लागले. दुपारी नर्सरीच्या टपरीत बसून मी एकेकाला असं झापायची की विचारू नका. पाणी तोडून झाडाला ताण न देता आंब्या बहाराची फुलं पाहिजेत? झाडाला काय मामाचा गाव समजता? एवढं झापून मग नीट, सविस्तर उत्तर. तिगाववाल्यांनी गुपचूप आपली चूक पुसली आणि माझी सगळी उत्तरं वर उचलून छान मांडली: शेतकऱ्यांचे प्रश्न, काकाजींची उत्तरं.

मला वाटलं, कशी जिरवली त्यांची.

आषाढ लागायच्या आत संजूदादाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, उरकायचं ठरलं. पांढुर्ण्याला, मुलीच्या घरी. होणारे व्याही मोठे बागायतदार, जुनी बाग काढून नवी लावणार होते. बाबांनी मला येतानाच सांगितलं होतं की ही एक ऑर्डर मिळाली तर वाफे रिकामे होतील. जेवणं झाली, पान आलं आणि मोठे बाबा सुपारी कातरत म्हणाले, "नेटवर पाहा ना कधी. संत्र्याच्या कलमात आमचाच पयला नंबर लागते."

व्याह्यांनी मोबाईल काढला. त्यांना आमच्या नर्सरीचं नाव पाठ नव्हतं. त्यांनी साध्या माणसासारखं लिहिलं, संत्र्याची चांगली कलमं कुठी भेटतात.

पहिलं तिगाव. मग नागपूरकडचे कोणी. मग कोणी, मग कोणी. व्याही अंगठा सरकवत राहिले. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. मोठे बाबा म्हणाले, असेल, खाली असेल. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून खाली हा शब्द स्वतःसाठी निघाला.

"राहू द्या," व्याही म्हणाले. "मी तं तिगावलेच सांगून ठेवलं आहे. तिथं एक काकाजी लिहितात. काय माणूस आहे, पाहा."

आणि त्यांनी वाचायला घेतलं. मोठ्यानं. डोळ्याचं, डिंक्याचं, मामाच्या गावाचं. मंडळी हसली. मधल्या काकांनी मान डोलावली. मोठ्या बाबांनी सुपारी खाली ठेवली.

"याले म्हणतात अनुभव," ते मला म्हणाले. "साठीच्या वरचा माणूस असंन. शिक काही. तू नुसती मोबाईल घेऊन बसून राहिली."

बाबांना काहीतरी कळलं असावं. आम्ही दोघंच तसं बोलतो. ते हळूच म्हणाले, "शीतल, हे तुयं बोलणं वाटून राहिलं."

"माझंच आहे," मी म्हटलं. "काकाजी मीच."

म्हणजे बघा. स्वतःच्या पानावर मी दिवा लुकलुकवला, आणि जे काही मला खरंच येत होतं ते टक्करवाल्याला फुकटात, तेही शिव्यांची फोडणी देऊन, वर्षभर पोचवलं. यंत्रानं अगदी बरोबर न्याय केला. नर्सरीला बुडवलं मी, आणि तिगावला वर चढवलंही मीच.

व्याही सगळ्यांत आधी सावरले. म्हणाले, हे सारं तुमच्याच पोरीचं असेल तर मी तिगावले नाही म्हणतो, कलमं तुमच्याकडूनच घेतो. फक्त तुमच्या साइटवर असं काही दिसू द्या, मले चार लोकांना दाखवता आलं पाहिजे.

मोठ्या बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथंच फैसला केला. उत्तरं आपल्या साइटवर घ्यायची. खंडोबा, आजोबा, फेटा, सगळं जसं आहे तसं. त्याखाली उत्तरं. आणि काकाजी म्हणून नाव त्यांचं.

"पोरीचं नाव पाहून कोण कलम घेते?" ते म्हणाले. "आणि मोठ्यांचं नाव खाली येत नाही. तुले माहीत आहे."

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"फेटा नाही, दिवा नाही, कोणाचाच फोटो नाही. वर शेतकऱ्याचा प्रश्न राहीन, खाली उत्तर राहीन, उत्तराखाली माझं नाव राहीन. पटत नसंन तं नर्सरी द्या संजूदादाले. मी चालली छिंदवाड्याला."

मोठ्या बाबांनी मधल्या काकांकडे बघितलं. मधल्या काकांनी पानाच्या तबकाकडे. संजूदादा हार सांभाळत पाटावर बसला होता, त्याच्या तोंडावर तर भीतीच पसरली, की नर्सरी खरंच आपल्याला मिळते की काय.

मी ताठ उभी होते. हातातला मोबाईल थरथरला, म्हणून सहज नजर गेली. तिगावच्या पानावर कोणीतरी विचारलं होतं, काकाजी, खोडाला वाळवी लागली, काय करू?

सगळं घर माझ्याकडे बघत होतं, आणि माझा बेइमान अंगठा उत्तर लिहायला लागला होता.