फळ्यावरचा आकडा

हवामान केंद्रात एकवीस वर्षं तापमान नोंदवणाऱ्या बाईंना सगळी वस्ती ‘पाऱ्यावाल्या बाई’ म्हणायची. दुपारी अडीचला त्या तापमापकाची झडपांची पेटी उघडत आणि श्वास रोखून आधी दशांश वाचत, मग अंश. जवळ रेंगाळलं तर अंगाच्या उबेनेही पारा चढतो. आकडा आधी वहीत जाई, मग खडूने फाटकावरच्या फळ्यावर.

त्यांची दहावीतली लेक शाळेतून येताना तो फळा वाचूनच पुढे जायची. या उन्हाळ्यात ते चढते आकडे बघून तिची झोप उडाली होती. पुढे जग राहणार आहे का, मग शिकायचं कशाला, असं विचारायची आणि ताट बाजूला सारायची.

एका दुपारी त्यांनी वहीत खरा आकडा लिहिला आणि फळ्यावर एक अंश कमी. त्या दिवशी लेक पोटभर जेवली. बाईंचा जीव भांड्यात पडला. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशीही कमी आकडा लिहून झाला तोच, समोरच्या रस्त्यावर खडी पसरणाऱ्या बायकांची मुकादम पदराने घाम पुसत फाटकाशी आली.

“तुमचा फळा बेचाळीस दाखवतो तेव्हाच ठेकेदार आम्हाला सावलीत बसू देतो. चार दिवस एक्केचाळीसवरच अडलाय. आज माझी जाऊ भोवळ येऊन पडली. पारा बिघडलाय की काय, बाई?”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पारा नाही, मीच चुकले, असं म्हणत त्यांनी फळा पुसला आणि बेचाळीस पूर्णांक सहा लिहिलं. रस्त्यावरची फावडी थांबली.

थोड्या वेळाने लेक आली. बाईंनी काही लपवलं नाही.

“मला फसवलंस? मी काय कुकुलं बाळ आहे?”

“तुझं घाबरणं बघवत नव्हतं गं.”

“आणि तुला नाही वाटत भीती?”

“वाटते की. रोज पेटी उघडताना वाटते.”

लेकीने रस्त्याकडे पाहिलं. झाडाखाली मुकादम जावेच्या डोक्यावर ओला फडका ठेवत होती. या आपल्या आकड्यामुळे बसल्यात का, असं लेकीने हळूच विचारलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली.

“मग एवढं बारीक का लिहितेस? तिथून दिसायला नको?”

तिने दप्तर खाली ठेवलं, आईच्या हातातला खडू घेतला आणि एकेक आकडा वीतभर करून गिरवू लागली.