भावोजींसाठी सोबत

नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या वसतिगृहाचा कारभार वरवर पाहता दिवे, पाणी आणि फाटक बंद करण्याची वेळ यांच्याभोवती फिरतो. आमच्या रेक्टरबाईंच्या मते मात्र कारभार एकच होता: कोणाला कोणाबरोबर ठेवायचे. नळ बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस येतो, खोलीतल्या दोघींचे बिघडले तर कोणाला बोलावणार, असे त्या म्हणत.

त्यांची यासाठी एक पद्धत होती. नवी मुलगी आली की तिला लगेच खोली मिळत नसे. पहिल्या काही रात्री तिने कार्यालयाच्या बाहेरच्या भागातल्या लोखंडी खाटेवर काढायच्या. बाई आतल्या खोलीत झोपत. मधले दार उघडे असे. विचारपूस त्या फारशी करत नसत, पाहत मात्र पुष्कळ. मुलगी चपला कशा काढते, सकाळी पांघरुणाची घडी घालते की साप कात टाकतो तसे ते टाकून जाते, घरून फोन आला की आवाज चढतो की उतरतो. आणि झोपेत काय करते. जागेपणी प्रत्येकीला शहाण्यासारखे वागता येते, झोपेत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. या खाटेला सगळ्या 'पाहुणी खाट' म्हणत. तिच्यावरून उठलेल्या मुलीला बाई जी खोली देत, ती सहसा चुकत नसे.

चुकत होती ती एकच खोली, कार्यालयाच्या बरोबर वरची. तिथे बँकेतली ताई राहत असे. बँकेच्या लॉकर विभागात नोकरी, वय पन्नाशीच्या जवळ, बोलणे मोजके. ती बाईंच्याही आधीपासून वसतिगृहात होती, त्यामुळे पाहुण्या खाटेवर कधी झोपलेली नव्हती. तिच्या खोलीत आजवर दिलेल्या सगळ्या मुली काही काळाने खाली आल्या. तक्रार म्हणावी तर कोणाचीच नव्हती. "तशा ताई चांगल्या आहेत, पण..." एवढे म्हणून वाक्य तिथेच अडत असे. शेवटी बाईंनी दुसरी खाट रिकामीच ठेवायला सुरुवात केली.

अगदी रिकामीही म्हणता येत नाही. त्या बाजूच्या टेबलावर काचेची छोटी टाकी होती, दीड बादली पाणी मावेल एवढी, आणि तिच्यात एक बेट्टा मासा. दुकानात त्याला फायटर म्हणतात. रंग दौतीतल्या शाईसारखा, शेपटी भिजलेल्या रेशमासारखी. अविवाहित ताई या माशाचा उल्लेख 'हे' असा करत असे. "ह्यांचं खाणं व्हायचंय अजून." "आज ह्यांचा नूर काही ठीक नाही." साहजिकच बाकीच्या मुलींसाठी मासा भावोजी झाला. व्हरांड्यात कोणी विचारी, "भावोजी काय म्हणतात?" ताई चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगे, "तुमचीच चौकशी करत होते."

अशी सगळी घडी बसलेली असताना व्यवस्थापन समितीने ठरवले की दोन खाटांच्या खोलीत यापुढे एकटीला राहता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत ताईने सोबत स्वीकारावी, नाही तर खोली सोडावी.

त्या दिवसापासून बाईंचा किल्ल्यांचा जुडगा कमरेवरून हातात आला. बाईंच्या मनाचा अंदाज आम्ही या जुडग्यावरून घेत असू. कमरेला असला तर उशिरा येण्याची परवानगी मागायला हरकत नाही. बोटांतून एकेक किल्ली फिरू लागली, तर जिन्यानेही आवाज न करता जावे. आता जुडगा सारखा वाजत होता. कारण बाईंना ठाऊक होते की ताईला जायला जागा नाही. भाऊ होता, भावजय मायेची होती. पण त्यांच्या घरी दर वेळी ताईचे अंथरूण बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या मागे पडत असे. "तिथे मी चार दिवसांची आहे," असे ती एकदा बाईंना सहज बोलून गेली होती.

बाईंनी वर जाऊन निर्णय सांगितला तेव्हा ताई टाकीची काच पुसत होती. पुसणे न थांबवता ती म्हणाली, "माणसांचं राहू द्या, बाई. आधी ह्यांना सोबत शोधून दाखवा. ते नांदले, तर मीही नांदेन."

ही थट्टा होती, की नकार देण्याची सभ्य रीत? बाईंनी ते शब्दशः घेतले.

"शब्द देताय?"

"दिला," ताई म्हणाली, आणि हे अशक्य आहे याची तिला खात्री असावी असा तिचा स्वर होता.

बाई माशांच्या दुकानात गेल्या आणि टाक्यांसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मुली पारखतात तशाच त्यांनी मासेही पारखले. गप्पी माशांच्या घोळक्यात त्यांना एक नर दिसला, नारिंगी शेपटीचा. खाणे पडले की तो इतरांना आधी खाऊ देई आणि मग उरलेले टिपे. सोशीक आहे, असा शेरा त्यांनी मनात मारला. दुकानदाराने घरी कोणता मासा आहे हे विचारलेही नाही. सगळे एकत्र सुखाने राहतात, घ्या बिनधास्त, असे सांगून त्याने पिशवीला गाठ मारली.

पिशवी टाकीत तरंगत ठेवून, पाणी एकसारखे गार झाल्यावर बाईंनी गप्पीला मोकळे सोडले. भावोजींनी कल्ले फुलवले, मिटलेली छत्री एकदम उघडावी तसे. पुढचे कोणाला नीट दिसलेच नाही. गप्पी काचेच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळत होता आणि दर खेपेला त्याची शेपटी थोडी कमी होत होती. दीड बादली पाण्यात पळून पळून जाणार कुठे? बाईंनी पदर खोचला, ताईची चहाची गाळणी उचलली आणि त्याला बाहेर काढले.

"माझी गाळणी," ताई हळूच म्हणाली. हरल्याबद्दल ती बाईंना चिडवत नव्हती. तिचा चेहरा उतरला होता.

गप्पी काचेच्या बरणीत बसून कार्यालयाच्या टेबलावर आला. बाईंची खरी अस्वस्थता इथून सुरू झाली. शेपटीची लक्तरे घेऊन फिरणारा तो जीव दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर असे. त्याने काहीच केले नव्हते. त्याची शेपटी लांब आणि रंगीत होती, म्हणजे ती भावोजींच्या शेपटीसारखी दिसत होती, एवढाच त्याचा अपराध. आणि सोशीकपणाने त्याला वाचवले नव्हते. तापट मुलीच्या खोलीत सोशीक मुलगी द्यायची, हा तर बाईंचा वर्षानुवर्षांचा हुकमी डाव. त्या जोड्या टिकल्या होत्या, हे खरे. पण टिकल्या म्हणजे जमल्या होत्या का? की सोशीक मुलींना पळायला जागा नव्हती म्हणून त्या राहिल्या? त्यांच्या शेपट्यांकडे आपण कधी पाहिले होते का? हा प्रश्न त्यांनी आमच्यापैकी एकीला खरोखरच विचारला. ती मुलगी गोंधळून स्वतःच्या पाठीमागे पाहू लागली.

महिना सरत चालला होता. बाईंनी आता ताईकडेच चौकशी आरंभली. भावोजी कधी बिथरतात, कशाने निवळतात? ताई आधी तुटक बोले. पण आपल्या माणसाविषयी कोणी आस्थेने विचारले की कोणाचीही जीभ सैल होते. आरसा दाखवला की ते बिथरतात, हे तिने सांगितले. पाणी जोरात हलले की थकतात. आणि बोलता बोलता ती म्हणाली, "टाकी धुते तेव्हा ह्यांना बरणीत ठेवते. परत सोडल्यावर गंमत असते. दगड, रोप जरा इकडचं तिकडे झालेलं असतं ना, तर ह्यांना घर ओळखूच येत नाही. पाहुण्यासारखे कोपऱ्यात उभे राहतात."

बाईंच्या हातातला जुडगा थांबला. आजवर, टाकीत काय आणि खोलीत काय, त्या नव्याला जुन्याच्या घरात पाठवत आल्या होत्या. जुन्यालाच नवे करता येते, हे त्यांना सुचले नव्हते.

दुसऱ्या खेपेला दुकानातून त्यांनी मासा आणलाच नाही. एवढ्याशा पाण्यात पोहणारा कोणताही जीव भावोजींच्या नजरेआड राहू शकणार नव्हता. तेव्हा ज्याला पळावेच लागणार नाही, असा सोबती हवा. त्यांनी पट्टेदार शंखाची एक पाणगोगलगाय आणली. शेपटी नाही, घाई नाही, काचेवरचे शेवाळ खायचे आणि स्वतःचे घर पाठीवर.

"ही सोबत?" ताईने विचारले.

"बोलकी नाही, एवढंच," बाई म्हणाल्या.

भावोजी बरणीत गेले. दगड हलवले, लपण्यासाठी ठेवलेला कानतुटका कप उजवीकडून डावीकडे आला, रोप मागे गेले. गोगलगाय आत सोडली आणि पूर्ण एक दिवस टाकी तिच्या एकटीची राहिली. मग भावोजींना सोडले. ताईने सांगितले होते तसे ते कोपऱ्यात उभे राहिले. बऱ्याच वेळाने कपाला प्रदक्षिणा घालून ते काचेवरच्या शंखापाशी आले. कल्ले फुलले. ताईने बाईंचे मनगट धरले. भावोजींनी गोगलगायीच्या मिशीला टोचा मारला. ती शंखात गेली. ते थांबले. शंख थांबला. ते निघून गेले, तशी ती पुन्हा बाहेर आली आणि जिथे सोडले होते तिथूनच शेवाळ खाऊ लागली.

पुढचे काही दिवस हेच चालले. बाई कामाच्या मध्येच वर येऊन काचेला डोळे लावत. गोगलगायीची एक मिशी जराशी आखूड झाली, तेव्हा त्यांना जेवण गेले नाही. पण टोचे कमी होत गेले, आणि एका सकाळी भावोजी शंखाच्या अगदी शेजारी, तिकडे ढुंकूनही न पाहता, पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन श्वास घेताना दिसले.

"नांदले म्हणायचं," ताई म्हणाली, आणि खाटेवर बसली. दिलेला शब्द आता तिला पाळायचा होता.

बाईंनी तिला सांगितले की खोलीला रंग द्यायचा आहे, चार दिवस खाली पाहुण्या खाटेवर झोपावे लागेल.

"रंग गेल्याच वर्षी दिलाय, बाई." ताईने त्यांच्याकडे नीट पाहिले. "म्हणजे मला बरणीत ठेवताय."

ताईने स्वतःच उशी उचलली.

अशा रीतीने इतक्या वर्षांनी बाईंनी तिला झोपताना पाहिले, म्हणजे खरे तर झोपू न शकताना. दिवा मालवल्यावर ती उठली, दाराची कडी चाचपली, परत आली. पुन्हा उठली, कडी काढून पुन्हा लावली. हे किती वेळ चालले ते बाईंनी मोजले नाही. दिवसभर दुसऱ्यांची कुलपे निगुतीने बंद करणाऱ्या ताईला रात्री स्वतःच्या एका कडीचा भरवसा वाटत नव्हता. त्या सगळ्या मुलींचे 'पण'नंतरचे वाक्य बाईंना आता पूर्ण ऐकू आले. स्वभावाचा प्रश्न कधी नव्हताच, भीतीचा होता.

सकाळी चहा घेताना त्यांनी काही विचारले नाही. ताईच म्हणाली, "एकटी असले की कडी मीच लावलेली असते. दोघी असलो की कोणी लावली, ते कळत नाही. मग बघावं लागतं."

वसतिगृहात नव्याने आलेल्या तीन मुलींमधून बाईंना एकीची निवड करायची होती. त्यांनी चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागलेली एक मुलगी पक्की केली. ही पाहुण्या खाटेवर झोपली असताना बाईंच्या हातून मोठी परात फरशीवर पडली होती, आणि तिने कूसही बदलली नव्हती. घोरणे मात्र खणखणीत. तिला वर पाठवताना खाटांची आणि टेबलाची जागा बाईंनी बदलून घेतली, भावोजींना किती दाणे घालायचे ते समजावले आणि एकच ताकीद दिली: दाराच्या कडीला हात लावायचा नाही, कडी ताईंची.

चौथ्या संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर ताई पिशवी आणि उशी घेऊन स्वतःच्या खोलीपाशी गेली. बाई किल्ल्या मुठीत घट्ट धरून, त्या वाजणार नाहीत अशा बेताने, जिन्याच्या तळाशी उभ्या राहिल्या. ताईने दारावर टकटक केली. आपल्याच दारावर तिने कधी टकटक केली असेल, असे वाटत नाही.

"या ना, ताई, उघडंच आहे."

दार पूर्ण उघडेना. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

"हे काय? खुर्ची कशाला लावलीस दाराला?"

"रात्री दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून."

"म्हणजे कडी न लावता झोपलीस? या सगळ्या रात्री?"

"बाई म्हणाल्या, कडी तुमची आहे." मुलीच्या आवाजात तक्रार नव्हती; मागचा दिवा बंद करायला सांगितला म्हणून केला, असे सांगावे तसे तिने ते सांगितले. "भावोजींना दाणे घातलेत. तुम्ही खिडकीकडची खाट घेताय का? मला वारा सोसत नाही."

खुर्ची उचलून ठेवल्याचे कळले, मग पिशवी. दार लागले. कडी बसली.

बाई तिथेच थांबल्या. व्हरांड्यातले दिवे मालवले गेले. कडी पुन्हा वाजली, निघाली, बसली. याच आवाजाला कंटाळून आजवरची प्रत्येक मुलगी हा जिना उतरून खाली आली होती, हे त्यांना आता ठाऊक होते. कडी आणखी एकदा वाजली.

पाऊल काही उतरले नाही. छताकडून एक खणखणीत घोरणे तेवढे खाली आले, आणि कडीच्या पुढच्या आवाजातही ते खंडले नाही. बाई आत येऊन पाहुण्या खाटेवर बसल्या, किल्ल्या मांडीवर ठेवून. टेबलावरच्या बरणीत गप्पी माशाची शेपटी काठाकाठाने पुन्हा फुटू लागली होती. तिच्याकडे पाहत, वरची कडी गप्प होण्याची वाट त्या बघत राहिल्या.