कच्चा दाणा

शनिवारी दुपारी आम्ही दोघांनी शेवटचा घाणा भाजला. बायकोनं एक दाणा उचलला, फुंकला, दाढेखाली धरला आणि मान तिरकी केली.

"कच्चं हाय. आणखी दोन हात फिरवा."

मी फावडं फिरवलं.

उदगीरजवळ कोंबड्यांच्या खाद्यासाठी सोयाबीन भाजायची भट्टी आहे. तिथं आम्ही बावीस वर्षं राबलो. मालकानं भाजणं तपासायचं यंत्र आणलं, तर ही म्हणाली, "तुमच्या मशिनीला दाढ हाय का?" मालक हसला. पण तिनं मान डोलावल्याशिवाय एकही पोतं शिवलं नाही. कच्चं सोयाबीन कोंबडीला पचत नाही, पिल्लं खुरटतात, हे तिला पक्कं ठाऊक. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शाळा नाही, पण जीभ चुकत नाही.

रविवारी तिला ताप भरला. गावात फ्लूची साथच होती. मी दवाखान्यात न्यायला निघालो, तेवढ्यात शेजाऱ्यानं मोबाइलवर कुणाचं तरी बोलणं ऐकवलं. फ्लूच्या विषाणूला आत शिरायला आपल्याच अंगातली कात्री, म्हणजे कापणारा एक रस, लागते म्हणे. कच्च्या सोयाबीनमध्ये ती कात्री अडवायचा गुण असतो, भाजलं की जातो. मी चौथी नापास. औषध घरातच सापडलं म्हणून खूश झालो. डब्यातले कच्चे दाणे दळले, पाण्यात कालवले, पेला पुढं केला.

तिनं घोट घेतला. मान तिरकी. "कच्चं हाय ओ."

"कच्चंच लागतंय. औषध हाय, पी."

"जलमभर कोंबडीला दिलं न्हाई, अन् मला पाजायलाव व्हय?"

हसली, खोकली आणि प्याली. मी दिलं म्हणून प्याली.

दोन दिवस तेच चाललं. पोट बिघडलं, तर मी म्हटलं रोग बाहेर पडतोय. तिच्या छातीवर हात ठेवून बसायचो. हात वर येतोय का, खाली जातोय का, एवढंच बघायचो. चहा गार व्हायचा. तिसऱ्या दिवशी ओठ निळे दिसले, तसं जीपमध्ये घालून लातूरला नेलं.

डॉक्टरला पेल्याचं सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"कात्रीचं खरं आहे, बाबा. ती अडवणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे. पण खाल्लेलं सोयाबीन पोटात जातं, फुप्फुसात नाही."

"मग दुसरी कुठली गोळी असंल ती द्या की."

"दिलीय. ती पहिल्या दोन दिवसांत लई कामाची असते."

ते दोन दिवस मी पेल्यात घालवले होते.

शुक्रवारी ती गेली. आमच्यात पुरतात. संध्याकाळी माती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातले उरलेले कच्चे दाणे मी तव्यात घातले. रंग चढला, वास सुटला. एक दाणा फुंकून दाढेखाली धरला. काहीच कळेना. आणखी दोन हात फिरवले. दाणे काळे पडले, तरी तवा उतरवायचा का, हे मला ठरवता येईना.