सात सेकंद पाण्याचा ड्रम

स्क्रीनवर पाण्याचा निळा ड्रम दिसत होता. ड्रमवर स्टीलचा पेला, पेल्याला साखळी. मुलींच्या आंतरकॉलेज खो-खो सेमीफायनलचं शेवटचं अर्धं मिनिट चालू होतं. एका गुणाची आघाडी होती. आमची कॅप्टन पळत होती. आणि आम्ही लाइव्ह ड्रम दाखवत होतो.

"टू, कुठे आहेस? टू!" मी हेडसेटमध्ये ओरडले.

"आले मॅडम, आले."

ती आली तोवर शिट्टी झाली होती. आम्ही जिंकलो. दोघींना हूल देऊन कॅप्टनने वेळ काढली होती. मैदानावरच्या सगळ्यांनी ते पाहिलं, घरून बघणाऱ्यांपैकी एकानेही नाही. कॅप्टनची आई सोसले या आपल्या गावी शेजारणींना जमवून मोबाइलवर मॅच बघत होती. तिला सात सेकंद ड्रम दिसला.

मी म्हैसूरच्या एका कॉलेजात मीडिया विभागाचा स्टुडिओ सांभाळते. त्याआधी पंधरा वर्षं बेंगळुरूला टीव्हीत काढली. कॉलेजच्या स्पर्धा आम्ही इंटरनेटवर लाइव्ह दाखवतो. कॅमेरे, स्कोअर, आवाज, सगळं विद्यार्थी करतात. खो-खोला तीन कॅमेरे लागतात. वन, म्हणजे पहिला, गॅलरीच्या वरच्या पायरीवर, त्यात पूर्ण मैदान दिसतं. टू आणि थ्री मैदानाच्या दोन बाजूंना. टू हा फॉलो कॅमेरा, म्हणजे पळणाऱ्या खेळाडूला सोडायचं नाही. तिन्ही चित्रं माझ्यासमोरच्या स्विचरवर येतात. स्विचर म्हणजे बटणांची पेटी. ज्या कॅमेऱ्याचं बटण दाबाल तो लाइव्ह. ड्रम दिसल्याबरोबर मी वनचं बटण दाबायला हवं होतं. मी ओरडत बसले. ती चूक माझी, आणि ती त्या दिवशी कोणी मोजली नाही.

टूवर होती रक्षिता. शेवटच्या वर्षाची, बन्नूरची. वडिलांचं शिवणाचं दुकान, शाळांचे युनिफॉर्म शिवतात. घरी आमच्यासारखीच मराठी, निम्मी कानडी घातलेली. शाळेत असताना ती खो-खो खेळायची, तालुक्याच्या टीममध्ये होती. गुडघा गेला आणि खेळ सुटला. तिला खेळ कळतो, म्हणून फॉलो कॅमेरा मीच तिला दिला होता.

मॅच संपल्यावर दहाव्या मिनिटाला प्रिन्सिपल सर कंट्रोल रूममध्ये आले. कंट्रोल रूम म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. आम्ही चटयांच्या ढिगाला टेबल लावून बसतो.

"मॅडम, आपण मॅच दाखवतो की पाण्याची सोय?"

"चूक झाली, सर."

"तीन वेळा झाली. मी मोजलंय. परवा फायनल आहे, ट्रस्टी बघणार आहेत. त्या मुलीला काढा."

सर मैदानात पहिल्या रांगेत बसून मॅच मोबाइलवर बघतात. त्यामुळे मोजणी बरोबर असणार याची मला खात्री होती.

काढणं माझ्या हातात होतं. अडचण वेगळी होती. खेळांचं प्रक्षेपण करणारी बेंगळुरूची एक कंपनी आमच्याकडून दर वर्षी एकच ट्रेनी घेते. त्यांना पत्र लागतं: या विद्यार्थ्याने फायनलच्या लाइव्हमध्ये अमुक जागेवर काम केलं. खाली माझी आणि सरांची सही. रक्षिताचं नाव मी महिन्यापूर्वीच कळवलं होतं. हे झालं नाही तर जूनमध्ये तिला म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका कारखान्यात, ऑफिसात लागायचं होतं. वडिलांनी बोलून ठेवलं होतं. वाईट माणूस नव्हे. कारखान्याची बस बन्नूरपर्यंत येते, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो चुकीचा नव्हता.

रक्षिता केबल गुंडाळत होती. मी तिच्याजवळ गेले.

"काय झालं तिथं?"

"मी गेलते, अल्वा, मॅडम? ती आली नाही." 'अल्वा' म्हणजे 'हो ना'.

"कुठे गेलीस?"

"खांबाकडं. ती खांबाकडंच जाणार होती. मला माहीत होतं. मग ती वळली." केबलचा पुढचा वेढा टाकत ती म्हणाली, "तुम्ही मला काढा, परवागिल्ल. पत्र दुसऱ्याला द्या. अप्पांना मी सांगते."

'परवागिल्ल' म्हणजे चालेल, हरकत नाही. खरोखर चालणारं असतं तेव्हा आमच्याकडे हा शब्द कोणी इतक्या हळू म्हणत नाही.

मी म्हटलं, "केबल नीट गुंडाळ. आठाच्या आकारात. पिळा पडतोय." आणि खोलीत परत आले.

प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं रेकॉर्डिंग आम्ही ठेवतो. लाइव्ह गेलेलं आणि न गेलेलं, सगळं त्यात असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी टूचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. सरांना तीन चुका दिसल्या होत्या. मला अकरा सापडल्या. पण सहावी बघताना मी चहा खाली ठेवला.

नवशिक्या कॅमेरामनची चूक उशिराची असते. खेळाडू फ्रेममधून निघून जातो आणि कॅमेरा मागून धावतो. रक्षिताच्या अकराच्या अकरा चुका लवकरच्या होत्या. खेळाडू वळायच्या आधी कॅमेरा वळलेला. ती खांबाकडे झुकली की कॅमेरा खांबापलीकडे हजर. बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा आणि चित्र सुरेख मिळायचं. पण खो-खोत पळणारीचं कामच अंदाज चुकवणं. कॅप्टनने हूल दिली होती मागे लागलेल्या मुलींना. त्यांच्याबरोबर आमचा कॅमेराही फसला. रक्षिता ट्रायपॉडमागे उभी राहून खो-खो खेळत होती.

फॉलो कॅमेऱ्याला खेळ कळणारा माणूस नको होता. पुढे काय होणार याची काडीचीही कल्पना नसलेला हवा होता. असा एक आमच्याकडे होता. चेतन. स्कोअर टाकायचा. आयुष्यात कॅरमसुद्धा न खेळलेला मुलगा. सेमीफायनल संपल्यावर त्याने मला विचारलं होतं, "मॅडम, त्या मुली मध्ये रांगेत बसल्या का असतात?"

मग रक्षिता कुठे? यावर मी चहा गार होईपर्यंत विचार केला. खो-खोत पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडे जाता येत नाही. पळणारी पलीकडे गेली की तिकडे तोंड करून बसलेल्या मुलीला खो द्यावाच लागतो. म्हणजे खेळ कोणत्या बाजूला जाणार हे जाणकाराला दोन सेकंद आधी कळतं. स्विचरवर हेच लागतं. 'स्टँडबाय थ्री' म्हणायचं, म्हणजे थ्रीवाला तयार होतो. खो पडला की बटण. अंदाज चुकला तर बटण दाबायचं नाही. स्टँडबायची चूक प्रेक्षकाला दिसत नाही.

त्या खुर्चीत मी बसत होते.

मी सरांकडे गेले. "सर, ती मुलगी कॅमेऱ्यावर नसेल."

"छान."

"ती स्विचरवर असेल."

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, एका कॅमेऱ्यावर ड्रम दाखवला म्हणून तिला तिन्ही देताय?"

मी त्यांना अकरा क्लिप दाखवल्या. चौथ्या क्लिपला त्यांनी मान हलवली. "आणि बिघडलं तर?"

"पत्रावर माझी सही नसेल. तिच्या नाही आणि यंदा कोणाच्याच नाही."

"तुम्ही कुठे असाल?"

"शेजारी. स्कोअर टाकेन."

रक्षिताला सांगितल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "अय्यो, बेडा मॅडम," म्हणजे नको. मी म्हटलं, विचारलेलं नाही, सांगितलंय. दुपारी टीमच्या सरावावर तासभर तालीम केली. पहिली दहा मिनिटं ती प्रत्येक बटणाआधी माझ्याकडे बघत होती. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. मग नीट चाललं.

फायनलला पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं की ही माझ्यापेक्षा चांगली आहे. "थ्री तयार, उजवीकडची उठणार. थ्री. टू, तिच्यावरच राहा. वन. टू तयार. टू." मी खो पडलेला बघून कट करायचे. ती खो पडतानाच कट करत होती. चेतन पळणारीला चिकटून होता. ती वळली की तो वळायचा, थांबली की थांबायचा. कोणाला हूल देतात हेच त्याला माहीत नव्हतं, तो फसणार कसा?

गोंधळ एकच झाला. डाव बदलल्यावर मी एक गुण आमच्या टीमला टाकला.

"मॅडम, पॉइंट त्यांचा! आता ते पकडतायत. काढा, काढा!"

मी काढला. पण तोवर चुकीचा स्कोअर लाइव्ह गेला होता.

शेवटच्या मिनिटाला आमची कॅप्टन खांबाकडे झेपावली आणि जागच्या जागी उलटली. मागची मुलगी खांबापाशी पडली. माझ्या शेजारी रक्षिताचा उजवा खांदा खांबाकडे गेला, अंगच गेलं. बोट मात्र टूवरून हललं नाही. पूर्ण हूल लाइव्ह गेली. मैदानावर आरडाओरडा झाला. आमचं प्रक्षेपण वीस सेकंद मागे असतं, त्यामुळे सर्वांनंतर वीस सेकंदांनी सरांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या.

आम्ही दोन गुणांनी हरलो. सोसलेहून कॅप्टनच्या आईचा फोन आला, तो मुलीला नव्हे, हरण्याबद्दलही नव्हे. त्यांना ती हूल पाठवून हवी होती. रक्षिताने क्लिप कापून पाठवली.

सरांनी सही करताना विचारलं, "सगळं ठीक झालं. तो चुकीचा स्कोअर कोणी टाकला?"

"मी, सर."

"हं," म्हणाले आणि पत्र सरकवलं.

रक्षिता जूनपासून बेंगळुरूला आहे. पहिल्या आठवड्यात तिला कबड्डीला कॅमेऱ्यावर उभं केलं. तिने फोन करून विचारलं, काय करू. मी विचारलं, कबड्डी खेळली आहेस का? नाही म्हणाली. मग काळजी नाही, म्हटलं.

आमच्या क्रूच्या फॉर्मवर मी आता एक प्रश्न वाढवलाय: कोणता खेळ खेळला आहात? ज्याने जो खेळलाय त्याला त्या खेळाचा फॉलो कॅमेरा मिळत नाही. परवा चेतन खो-खोचे नियम वाचताना दिसला. यंदाच्या स्पर्धेची तयारी म्हणाला. मी त्याच्या हातातून पुस्तक काढून कपाटात ठेवलं.