कांबळे सरांचं रॉकेट

आमच्या स्टाफरूममध्ये चहा कधी पुरला नाही, किस्से मात्र रोज उरायचे! नव्वदच्या दशकात भाईंदर वेस्टच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे. निम्मे किस्से एकट्या कांबळे सरांचे. सर नांदेडकडचे, विषय सायन्स, आणि वेड एकच. दरवर्षी नववीच्या वर्गात म्हणायचे, "समजा, आपण प्रकाशाच्या वेगाने निघालो..." की सिलॅबस राहिला मागे!

*

एकदा सरांनी फळ्यावर लिहिलं, 'प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो.' तेवढ्यात पंखे बंद. लाइट गेले!

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग भाईंदरला यायला त्याला एवढा टाइम का लागतोय?"

सगळ्यात जास्त सरच हसले.

*

सर लेट आले की हेडबाई दारातच उभ्या.

"कांबळे, आज पण?"

"बाई, वेगात असतो त्याचं घड्याळ स्लो चालतं. मी धावत आलोय!"

हेडबाईंनी मस्टर पुढे सरकवलं. "मग सही पण वेगातच करा!"

*

आमचे पीटीचे पाटील सर अंगाने भरदार. त्यांना कांबळे सर समजावत होते, "ज्याला जरासुद्धा वजन आहे, तो प्रकाशाचा वेग गाठूच शकत नाही."

पाटील सरांनी हातातला बटाटेवडा गुपचूप बशीत ठेवला!

*

एका वर्षी नववीत जवळच्या मोरवा गावातल्या जुळ्या बहिणी होत्या, सुरेखा आणि सुलेखा. सरांना आयतं उदाहरणच मिळालं!

"समजा, सुरेखा रॉकेटमधून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरून आली. ती अजून पंधराची, आणि इथे राहिलेली सुलेखा झाली साठीची आजी!"

वर्ग खदखदून हसला. सुलेखा मात्र हुंदके देऊन रडायला लागली.

"अगं, उदाहरण आहे नुसतं!"

"सर, मला खरंच घरी ठेवणारेत. आजी अंथरुणाला खिळलीये, आई बाजारात मासे विकायला जाते. माझं नाव काढणारेत शाळेतून. सुरेखा एकटीच येणार."

सरांनी खडू खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलींचे वडील थेट स्टाफरूममध्ये. "कांबळे सर कोन हाय?"

सर उभे राहिले. "मीच."

"पोरी कालपासून जेवल्या न्हाय. दोघी पन." मग म्हणाले, "तुमच्या त्या राकेटात मानसं किती बसतात?"

सर म्हणाले, "दोघी बसतील की."

"मंग दोघींना पन बसवा. म्हातारीचा आमी बघू."