पायाला इचार

उजवा पाय निसटला आन् मी विहिरीच्या दगडाला नुसती हातानं लटकले. पाठीला ओढणीनं बांधलेली माझी आरू, अडीच वर्साची, गळा आवळून रडती, खाली पानी न् उघडं दगड... कोकराच्या मागं पळताना ती विहिरीत घसरली हुती, नशिबानं मदल्या कपारीत अडकली. मी कायबी इचार न करता खोबनी धरून उतरले, तिला बांधली, पन वर येताना हातापायातला जीवच गेला. काठावर तात्या पालथं पडून बघत हुते. तात्या म्हंजी माझं चुलत सासरं, सत्तरीच्या फुडचं, सारी जिंदगी आमच्या वरकुट्यात लोकांच्या विहिरीत उतरून मोटारीचा फुटवाल, म्हंजी पाइपाच्या बुडाची पान्यातली जाळी, साफ करन्यात गेलेली. ते वरडले न्हाईत. हळू म्हनले, "पोरी, हात ढिलं कर. पोट दगडाला लाव. आता पायाच्या आंगठ्याला इचार, खोबन कुठाय." मला असला राग आला, हितं जीव चाललाय आन् म्हातारं म्हनतंय आंगठ्याला इचार... पन आंगठा फिरवला, आन् खोबन घावली. श्वास सोड म्हनले, सोडला. भार पायावर गेला तसा हातावरचा ताण उतरला.

तेवढ्यात माझ्या सासूबाई गोठ्यातनं दोर घिऊन पळत आल्या, टाका टाका म्हनत. तात्यांनी दोर घेतला आन् सोताच्या छातीखाली दाबून ठिवला. खाली सोडलाच न्हाय. एकेक पाय सांगत ऱ्हायले, आमी दोगी वर आलो.

मग त्याच उन्हाळ्यात तात्या मला विहिरीत उतरायला शिकवाय लागले, म्हनले भ्या पायातनं काढाय लागतंय, डोक्यातनं निगत न्हाय. अनवानी, डोळं मिटून, एका आंगठ्यावर उभं ऱ्हायचं. कंबर दगडापासनं लांब गेली की म्हनायचे, ढुंगन भाईर काढलंस की विहीर वढती, तिला दुसरं काम न्हाय. बाया हसायच्या, सून हाय का घोरपड? तात्या म्हनायचे, घोरपडीलाच इचारून आलोय, ती म्हनली शिकीव. आता आमचा फुटवाल मीच साफ करती. अजून भ्या वाटतंय, पन पाय कुठं हाय ते मला बघाय लागत न्हाय.

एकदा भीत भीत इचारलं, तात्या, दोर का दिला न्हाय? म्हनले, "दोर दिसला असता तर तो धराया तू दगडाचा हात सोडला असता. दोगींचा भार माझ्या हाताला पेलला नसता, पोरी. तुझ्या पायाला पेलत हुता. मी वरनं बघत हुतो."

गेल्या म्हयन्यात तात्या झोपंतच गेले. दहाव्याला सासूबाई चार बायांत म्हनल्या, मानूस चांगलं, पन त्या दिशी माझ्या सुनंच्या न् नातीच्या जिवाशी खेळलं. मी सातवी शिकलेली, बोलायला जमत न्हाय, मान खाली घालून बसले... त्येच आत सलतंय, म्हनून लिवती. मी त्यांच्यामुळं हाय, माझी आरू पहिलीला जाती ती त्यांच्यामुळं. पन खरं सांगू, मी काठावर असते तर माझ्याच्यानं तसं झालं नसतं. लेकरू खाली रडतंय, दोर तुमच्या हातात हाय, सगळी टाका टाका म्हनत्यात... तुमी काय केलं असतं?